बारावी ते अ‍ॅडमिशनच्या मधल्या दिवसांत हार्डकोर बँड कसा चालवायचा (आणि बंद पडायच्या आत रेकॉर्ड कसा करायचा)

हार्डकोर म्हणजे पंक रॉकचाच जास्त वेगवान, छोट्या गाण्यांचा, ओरडून म्हणायचा प्रकार. आधी एक गोष्ट क्लिअर करतो, तुमचा बँड टिकणार नाहीये. एक वर्ष, फार तर दीड. नाउमेद करायला नाही सांगत, उलट दिवस मोजून कामाला लागा म्हणून सांगतोय. जळगाव घ्या, भुसावळ, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, कुठलंही घ्या, इथली सतरा-अठराची पोरं एका गावात राहतात किती दिवस? बारावी झाली की कोण पुण्याला, कोण नाशिकला, कोण सुरतला मामाच्या दुकानावर. आमचा बँड जून २०१६ ला सुरू झाला आणि जुलै २०१७ ला संपला. तेरा महिने, १४ गाणी, ५ शो. त्या १४ पैकी ११ गाणी रेकॉर्ड झाली, ३ राहिली, आणि जी राहिली तीच आमची सगळ्यात भारी गाणी होती. ती तीन तुमची राहू नयेत म्हणून एवढं सगळं लिहायला बसलोय.

आणि हे असं आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. हार्डकोर ज्या शहरांतून वर आलं त्यातल्या एका, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन डी.सी.मध्ये पण हेच झालंय. टीन आयडल्स नावाचा शाळेतल्या पोरांचा बँड होता, १९७९ ला सुरू, १९८० च्या नोव्हेंबरात बंद. वर्षभराच्या शोचे साधारण ६०० डॉलर त्यांनी खर्च न करता साठवले होते, आणि बँड मोडताना प्रश्न आला की पैसे वाटून घ्यायचे की आपली गाणी छापायची. त्यांनी छापली. आठ गाण्यांची छोटी सात इंची रेकॉर्ड, हजार कॉपी, आणि ती बाहेर आली तेव्हा बँडच नव्हता. त्यातूनच डिस्कॉर्ड ही कंपनी उभी राहिली, जी नंतर कितीतरी बँडांचं घर झाली. त्यातल्याच इयन मकाय आणि जेफ नेल्सननी पुढं मायनर थ्रेट काढला, आणि तो १९८१ मध्ये एकदा मोडला तो कशामुळे माहितीये का, गिटारवाला युनिव्हर्सिटीत शिकायला दुसऱ्या राज्यात गेला म्हणून! पुढच्या वर्षी तो परत आला, बँड परत सुरू झाला आणि १९८३ ला कायमचा संपला. एवढ्याशा आयुष्यातलं काम लोक आज चाळीस वर्षांनी ऐकतात, कारण त्यांनी वेळेत टेपवर उतरवून ठेवलं होतं.

आता कामाचं. सगळ्यात आधी ड्रमर शोधा. गिटारवाले गल्लीगल्लीत मिळतात, ड्रमर नाही. आणि ड्रमसेट घरी असलेला पोरगा शोधत बसू नका, ताशावाला शोधा. आपल्याकडं गणपती मंडळात, लग्नाच्या बँडमध्ये, ताशा आणि साईड ड्रम वाजवणारी पोरं आहेत की त्यांचे मनगट बघून डोळे फिरतात. हार्डकोरला हातात तोच दम लागतो, मिनिटाला २०० च्या आसपास ठोके, आणि ते न थांबता. ताशावाल्याची अडचण एकच, पाय. हात विजेसारखा चालतो पण उजव्या पायानं खालचा मोठा ड्रम, म्हणजे किक, कधी वाजवलेलाच नसतो. आमच्या ड्रमरला आम्ही पहिले दोन आठवडे ड्रमला हात लावू दिला नाही, खुर्चीवर बसून नुसता पाय आपटायचा, पाय-हात-पाय-हात, आधी हळू, मग रोज थोडं वाढवत. तिसऱ्या आठवड्यात तो सेटवर बसला आणि आम्ही बाकीचे तिघं त्याच्या मागं धावायला लागलो, ते शेवटपर्यंत. फक्त एक, लग्नाच्या बँडमधला पोरगा असेल तर मुहूर्ताच्या दिवशी तो तुमचा नाही, ते त्याचं पोट आहे. प्रॅक्टिसच्या खोलीत कालनिर्णय टांगा आणि मुहूर्त बघूनच प्रॅक्टिस ठरवा.

गाणारा कसा पाहिजे? गाता नाही आलं तरी चालेल, पण श्वास पाहिजे आणि लाज नको. बेससाठी जो सगळ्यात वेळेवर येतो त्याला घ्या. खरंच सांगतो, सूर नंतर शिकवता येतो, वेळ पाळणं नाही शिकवता येत.

सामानावर पैसे उडवू नका. सेकंडहँड गिव्हसन गिटार, आवाज खरखरीत करणारं एक डिस्टॉर्शन पेडल आणि छोटा अँप, झालं. तारा मात्र जाड घ्या आणि एक सेट कायम जास्तीचा ठेवा, आपल्या उन्हाळ्यात घामानं तारा महिन्याभरात गंजतात. ड्रमसेट ऑर्केस्ट्रावाल्यांकडं भाड्यानं मिळतो, स्नेअरचं (सेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचं) कातडं आणि स्टिका स्वतःच्या आणा नाहीतर ते दुसऱ्यांदा देणार नाहीत. गाण्याचा माईक अहुजाच्या अँप्लिफायरवर मस्त चालतो. पण भो, भोंग्यात बेस सोडायचा नाही! आम्ही मंडळाचा भोंगा मागून आणला आणि त्यात बेस लावला, दुसऱ्या गाण्यात पट्ट असा आवाज झाला आणि युनिट उडलं. भोंगा माणसाच्या आवाजासाठी बनलेला असतो, खालचा सूर आला की आतला पडदा झेपेल त्याच्या बाहेर हलतो आणि फाटतो. बेसला मोठ्या कागदाचा स्पीकरच पाहिजे, पेटी असो नाहीतर जुना डेकचा असो.

आणि करंट. हे नीट वाचा, यात मजाक नाही. गिटार हातात असताना माईकला ओठ लागला आणि झिणझिण्या आल्या तर पुढचं गाणं सुरू करू नका, तिथंच थांबा. गिटारचा अँप एका बोर्डावर, माईकचा अँप्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, आणि त्यातल्या एकाला अर्थिंगच नाही, असं असलं की तुमच्या अंगातून सर्किट पूर्ण होतं. गिटारची तार एक टोक, माईकची जाळी दुसरं टोक. सगळं सामान एकाच बोर्डावरून घ्या, त्या बोर्डाची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, तीन पिनच्या प्लगची मोठी पिन कधीच तोडू नका, माईकवर स्पंज चढवा आणि खिशात टेस्टर ठेवा. स्टेजवर चढल्यावर मी पहिला टेस्टर काढायचो, ट्यूनर नंतर.

जागा. घरात जमणार नाही, गच्चीवर एकदाच जमतं. आम्हाला जळगावला एमआयडीसीत एका दालमिलच्या मागची रिकामी खोली मिळाली, बेसवाल्याच्या अप्पांची ओळख होती. मिल चालू असताना वाजवायचं, म्हणजे बाहेर कोणालाच कळत नाही की आत काय चाललंय. गिरणी, जिनिंग, फॅब्रिकेशनचं शॉप, अशा आवाज असलेल्या जागेच्या बाजूला बघा, शांत जागा शोधू नका. आतला आवाज मात्र भिंतीवर आपटून परत येतो, पत्र्याचं छत असलं की तर कान फुटतात. त्यासाठी भिंतीला आम्ही आधी चटया लावल्या, जळगावला चटईला काय तोटा, पण प्लास्टिकची चटई आवाज शोषत नाही. गोधडी शोषते. जुनी, जाड, हातानं शिवलेली. चौघांच्या घरून मिळून अकरा गोधड्या आणल्या, भिंतीपासून चार बोटं पुढं दोरीवर टांगल्या, आणि एका दुपारीत खोलीचा आवाज बदलला, स्नेअर एकदम कोरडा आणि जवळ ऐकू यायला लागला. सगळ्यात जाड गोधडी ड्रमरच्या आजीची होती, ती त्याच्या बरोबर मागं.

उन्हाळ्यात वेळ सकाळची सहा ते नऊ. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याखाली दुपारी वाजवणं म्हणजे चक्कर येऊन पडणं. आमचे दोघं भुसावळहून पॅसेंजरनं यायचे, म्हणून सुरुवात गाडीवर ठरायची. लाईट गेली तर घरी जाऊ नका, तेव्हा अँपशिवाय नुसत्या तारांवर आणि मांडीवर हात मारत गाणं पाठ करा, आमची निम्मी गाणी अशीच पक्की झाली.

गाणी लिहिताना लक्षात ठेवा की एक मिनिट खूप असतं. मायनर थ्रेटचं सगळ्यात गाजलेलं गाणं ४६ सेकंदांचं आहे. एक रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी धून), दुसरा रिफ, मग एकदम वेग अर्ध्यावर आणून जड भाग, आणि बंद. तिसऱ्यांदा तेच वाजवावंसं वाटलं तर गाणं संपवा. दोन बोटांचे, दोन सुरांचे पॉवर कॉर्ड पुरतात पण उजवा हात फक्त खाली-खाली मारायची सवय लावा, त्यानंच तो कुऱ्हाडीसारखा आवाज येतो. आणि नुसतं जोरात वाजवलं की झालं असं समजू नका, त्याच वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स एवढे वेगात वाजवूनही एका ठोक्याला हलत नव्हते, कारण ते आधी जॅझच्या अंगानं वाजवलेले लोक होते. वेगात चूक लपत नाही, जास्त दिसते. प्रत्येक गाणं आधी अर्ध्या स्पीडला बिनचूक वाजवा, मग वाढवा.

शब्दांचं सांगतो, यावर मी खूप डोकं खाल्लंय. आधी आम्ही इंग्रजीत लिहिलं, ते आमच्या तोंडात बसेना, आणि समोरच्याला कळेना. मग प्रमाण मराठीत लिहिलं तर वाक्यं लांब, शेवटी ‘आहे’ आणि ‘नाहीत’ ओढत बसावं लागतं, मिनिटाला २०० ठोक्यांत ते मावत नाही. एक दिवस गाणारा चिडून आईशी फोनवर अहिराणीत बोलत होता आणि ड्रमरनं नुसती त्यावर स्टिक वाजवायला सुरुवात केली. तिथंच कळलं. शे, नही, जाय, येस, करस, सगळं एका फटक्यात संपतं! त्याच दिवशी हे झालं:

नळले पानी नही
कापूसले भाव नही
आम्हनं कोन ऐकस?
कोनीच नही!

शेवटची ओळ चौघांनी मिळून ओरडायची. पहिल्या शोला दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळा हॉल ती ओरडत होता, गाणं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं असून. तुमच्या घरात जी बोली आहे तिच्यात लिहा, अहिराणी, तावडी, लेवा बोली, पावरी, काहीही. फक्त शब्द तोंडानं ओरडून बघा, कागदावर वाचून ठरवू नका. आणि विषय आपलेच घ्या, बारावीचं टेन्शन, बोअरवेल, ताईचं लग्न लवकर उरकणं, पोस्टरवर फोटो लावणारे दादा. गावातल्या कोणाचं नाव घेऊन शिवी नको, त्यानं गाणं त्या एका माणसापुरतं होतं.

आता शो. आपल्याकडं क्लब नाहीत, पब नाहीत, आणि पाहिजेत कशाला. वॉशिंग्टनची ही पोरं पण लहान होती म्हणून दारूच्या ठिकाणी आत घेत नसत, तेव्हा मार्ग निघाला की दारूचं वय न झालेल्यांच्या हातावर मार्करनं मोठी फुली मारायची म्हणजे त्याला दारू द्यायची नाही, आणि पुढं तीच फुली लोक अभिमानानं मिरवायला लागले. आमच्या शोला आम्ही दारू-गुटखा पूर्ण बंद ठेवला होता, त्यामुळं पोरांना घरून पाठवलं, पोरी आल्या, कोणाची आई पण येऊन मागं खुर्चीवर बसली.

गॅदरिंगवर भरवसा ठेवू नका, दोन गाण्यांनंतर सर लोक वायर काढतात. युवारंगला, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला, कॉलेजच्या टीममधून जावं लागतं, तुमचे चौघं चार ठिकाणचे असले की जमत नाही. स्वतःचा शो करा, आणि त्याची जागा म्हणजे मंगल कार्यालय. मुहूर्ताला हात लावू देत नाहीत ते, पण मुहूर्त नसले की रिकामं पडलेलं असतं. त्यातही सगळ्यात बेस्ट पंधरवडा सांगतो, पितृपक्ष. लग्न नाही, गणपती नुकतेच गेले, नवरात्र अजून यायचंय, साऊंडवाले, जनरेटरवाले, हॉलवाले सगळे बसून असतात आणि चांगल्या भावात तयार होतात. आमचा पहिला शो २०१६ च्या पितृपक्षातच झाला. घरच्यांना पटवायला थोडा त्रास होतो, शुभ काम नाही ना हे, असं सांगितलं की ऐकतात. स्पीकरसाठी पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, आठ दिवस आधी, आणि त्याची पोच घेऊन ठेवा. रात्री १० नंतर स्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे, त्यामुळं संध्याकाळी सहालाच सुरू करा. पंधरा मिनिटांचा तर सेट असतो तुमचा.

साऊंडवाल्या काकांशी आधी जाऊन बोला, चहा पाजा, आणि एकच विनंती करा, काका, इको बंद. आपल्याकडं माईक लागला की इको लागतोच, ऑर्केस्ट्राची सवय. हार्डकोरमध्ये इको आला की एक शब्द दुसऱ्यावर चढतो आणि नुसता कल्ला उरतो. आमच्या काकांना वाटलं मशीन बिघडलं म्हणून पोरं नाही म्हणतायत, दोनदा परत चालू केला त्यांनी. तिसऱ्यांदा मी त्यांना ड्रमसमोर उभं करून एक गाणं ऐकवलं, तेव्हा म्हणाले, ‘हां, हे तर लेझीमसारखं कोरडंच पाहिजे,’ आणि नंतरचे चारही शो त्यांनीच केले.

स्टेजवर चढू नका, खाली फरशीवर वाजवा, लोकांच्या बरोबरीनं. खुर्च्या मागं सरकवा. सुरू करायच्या आधी माईकवर सांगा की धक्काबुक्की होईल, पण जो पडेल त्याला आधी उचलायचं, पोरींच्या अंगाला कोणी हात लावला तर गाणं तिथंच थांबेल, आणि चपला घालून मधे येऊ नका, बोटं चिरडतात. दुसऱ्या शोला आम्हाला एकदा थांबावं लागलं होतं. थांबलो, त्या पोराला बाहेर पाठवलं, तेच गाणं पहिल्यापासून वाजवलं.

पैसे वाटून घेऊ नका. एक डबा, एक वही, दोघांच्या सह्या. तिकिटाचे दहा-वीस रुपये जे येतील ते त्यात. सांडायचे असतील तर शेवटी रेकॉर्डिंगवर सांडा, मधे वडापाव पण स्वतःच्या खिशातून. पैशावरून मोडलेले बँड मी बघितलेत, वही असली की भांडण व्हायला जागाच राहत नाही.

आणि आता रेकॉर्डिंग. माझी चूक इथं झाली. आम्ही म्हणत राहिलो की अजून तीन गाणी झाली की सगळं एकदम करू, मग बारावीवाल्या दोघांची परीक्षा आली, मग सीईटी, मग निकाल, आणि जूनच्या शेवटी ड्रमर म्हणाला, ‘भो, मले पुण्याले जावं लागीन.’ हातात दोन दिवस राहिले. दोन दिवसांत ११ झाली. नवी तीन गाणी, जी एप्रिल-मेमध्ये केलेली, त्यातलं फक्त एकाचं चाळीस सेकंदाचं व्हिडिओ क्लिप कोणाच्या तरी मोबाईलवर आहे, बाकी दोन आता आम्हाला चौघांना मिळूनसुद्धा पूर्ण आठवत नाहीत. मी गिटार घेऊन बसतो, पहिला रिफ येतो, पुढं काय होतं ते येत नाही.

म्हणून नियम करा, दर पाच गाण्यांना एक रेकॉर्डिंग. मोठा स्टुडिओ नको. मायनर थ्रेटचं पण रेकॉर्डिंग करणाऱ्या डॉन झिएंटारांच्या राहत्या घरातल्या स्टुडिओतच झालं होतं, आणि सुरुवातीला चार ट्रॅकवर. काहीच नसेल तर मोबाईल घ्या, एअरप्लेन मोडवर टाका, ड्रमपासून आठ-दहा फुटांवर कमरेच्या उंचीवर स्टुलावर ठेवा, कोपऱ्यात नको, कोपऱ्यात बेस घुमतो. अँप ड्रमकडं तोंड करून नाही, मोबाईलकडं तोंड करून. एक मिनिट वाजवा, ऐका, फाटत असेल तर मोबाईल लांब न्या, बस. दोन चॅनलचं ऑडिओ इंटरफेस मिळालं तर एक माईक ड्रमरच्या डोक्यावर, एक किकसमोर, लेव्हल कितीही मोठ्यानं वाजवलं तरी उणे सहा डेसिबलच्या वर जायला नको, आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे. चौघं एकत्र वाजवा, गाण्याचा आवाज फक्त नंतर घ्या. तीन टेक, त्यातला ज्यात सगळ्यांना अंगावर काटा आला तो ठेवा, बिनचूक असलेला नाही. आमच्या आठव्या गाण्यात मधेच पत्र्यावर पाऊस सुरू होतो, त्या वर्षीचा जळगावचा पहिला मोठा पाऊस, आणि ड्रमर तो ऐकून किंचित पुढं पळतो. तोच टेक ठेवलाय.

वाटायचं कसं? इंटरनेटवर टाका ते टाकाच, पण आपल्याकडं अजून ट्रॅक्टर आणि रिक्षा पेनड्राईव्हवर चालतात. मोबाईलच्या दुकानात गाणी भरून देतात ना, त्या पोराला फाईली फुकट द्या. झेरॉक्सच्या एका कागदाची घडी घालून कव्हर करा, गाण्यांचे शब्द आतल्या बाजूला. टीन आयडल्सच्या पोरांनी त्यांची कव्हरं हातानं कापून, घडी घालून, डिंकानं चिकटवली होती, एक-एक करून, हजार.

शेवटचा शो आधी ठरवा, कोणाचं तिकीट निघायच्या निदान पंधरा दिवस आधी, आणि तो शेवटचा आहे हे सगळ्यांना सांगा. दुसरा ड्रमर आणून ओढत बसू नका. वही काढा, उरलेले पैसे कशाला गेले ते चौघांसमोर लिहा. सगळ्या फाईली, मिक्स न केलेल्या सुद्धा, चौघांकडं चार ठिकाणी असू द्या, लॅपटॉप जातात. ड्रमसेट ऑर्केस्ट्रावाल्यांना मोजून परत. खोलीची किल्ली स्वतः हातात नेऊन द्या आणि खोली झाडून द्या. गोधड्या ज्या घरच्या त्या घरी, पण तशाच नका देऊ, तुरीच्या टरफलाची धूळ आत शिवणीपर्यंत बसलेली असते, दोन पाणी लागतात, आणि वाळायला मे महिन्याचं ऊन असेल तर एक दिवस, जुलै असेल तर चार.